फादर इनासबरोबर डायनच्या गावी

कॅनडात अडीच-तीन महिने राहून नायगरा न बघता परत आलेला वसईकर बहुधा मी एकटाच असेन. गावात जो भेटतो तो आधी धबधब्याचंच विचारतो. मग माझी बायको ल्युसी पुढे होते आणि मोबाइलवरचे फोटो दाखवते. त्या फोटोंत ती आहे, आमची लेक शर्मिला आहे, जावई ग्लेन आहे, लाल रेनकोट घातलेली नात तारा आहे, मी नाही. ज्या रविवारी हे सगळे नायगऱ्याला भिजत होते, त्या रविवारी मी तिथून कितीतरी दूर, उत्तरेकडच्या एका गावात, एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मी लिहितोय ते त्या रविवाराबद्दल.

ओकव्हिल

२०१७च्या सप्टेंबरात आम्ही टोरांटोला उतरलो. विमानतळावरच पहिला घोळ झाला. माझ्या बॅगेत सुकेळी होती. आमच्या वसईची राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत बांधून करतात ती सुकेळी. आता ती करणारी घरं बोटावर मोजण्याइतकी राहिलीत. तिथल्या कस्टमच्या बाईने ती काळपट, दोरीने बांधलेली पुडकी टेबलावर मांडली आणि माझ्याकडे बघितलं. "बनाना," मी म्हणालो. तिने पुन्हा पुडक्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. शेवटी शेजारच्या खिडकीवरच्या एका पंजाबी साहेबाला बोलावलं. त्याने वास घेतला, हसला, आणि हिंदीत म्हणाला, "अंकल, घर की चीज़ है न? ले जाइए."

ती सुकेळी माझी नव्हती. मोनिकाबायने तिच्या भावासाठी दिली होती.

मोनिकाबाय आमच्या शेजारची. पंच्याहत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. तो भाऊ म्हणजे इनास. फादर इनास लोपीस. माझा वर्गमित्र आणि आमच्या गावच्या टीमचा गोलकीपर. मी बॅकला खेळायचो, म्हणजे कायम त्याच्या पुढ्यात. भात कापून झालं की शेतात बांबूचे गोलपोस्ट उभे राहायचे, आणि चेंडू हटकून बावखलात, म्हणजे आमच्याकडच्या तळ्यात जायचा. तो काढायला इनासच उडी मारायचा. उंच नव्हता, पण चेंडू कुठे येणार हे त्याला मारणाऱ्याच्या आधी कळायचं. पुढे मुंबईच्या एका कंपनीने त्याला खेळाडू म्हणून नोकरीला घेतलं. राज्याच्या टीमपर्यंत जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. आणि एके दिवशी त्याने बूट मला देऊन टाकले आणि फादर व्हायला सेमिनरीत गेला. मोनिकाबाय हसली होती की रडली होती, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

फादर झाल्यावर काही वर्षांनी त्याला कॅनडात पाठवलं. तिकडच्या गावांमध्ये चर्च होती, फादर नव्हते. तिथून तो तिकडच्या सैन्यात पाद्री झाला. अफगाणिस्तानात कंदाहारला जाऊन आला. आधी दर दोन-तीन वर्षांनी वसईला यायचा. लढाईवरून आल्यानंतर मात्र आलाच नाही. फोन करायचा, नाताळला फोटो पाठवायचा. यायचं म्हटलं की विषय बदलायचा.

निघायच्या आदल्या दिवशी मोनिकाबाय दारात उभी राहून म्हणाली, "व्हिक्टर, तू जातोस तर त्याला घेऊनच ये. निदान का येत नाही ते तरी विचारून ये. माझं काही चुकलं असेल तर तसं सांग म्हणावं."

ओकव्हिल देखणं आहे. रस्त्याच्या टोकाला तळं, आणि तळं म्हणजे समुद्रच. पलीकडचा काठ दिसत नाही. फक्त समुद्राचा वास नाही, हे माझ्या नाकाला शेवटपर्यंत पटलं नाही. सकाळी शर्मिला गो ट्रेनने, म्हणजे तिथल्या लोकलने, टोरांटोला कामाला जायची, ग्लेन गाडीने. मग रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आपल्याकडे पायी चालताना वाटेत दहा जणांशी बोलणं होतं. इथे मी रोज तळ्यापर्यंत जायचो आणि कुत्री फिरवणाऱ्या दोघा-तिघांच्या "मॉर्निंग"वर दिवस काढायचो. ताराशी मी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही सगळं कळायचं.

इनासला फोन केला तेव्हा तो आनंदाने ओरडलाच. मग जरा थांबून म्हणाला, "थँक्सगिव्हिंगच्या सणाला येशील? ऑक्टोबरात. मला एका ठिकाणी जायचंय. तू बरोबर असलास तर बरं होईल."

"अहो, त्याच वीकेंडला आपण नायगरा बुक केलंय ना," ल्युसी म्हणाली. पण तिने माझा चेहरा बघितला आणि माझी बॅग खाली काढली. शर्मिलाने बॅगेत जाड जॅकेट कोंबलं. "पप्पा, नॉर्थला टेंपरेचर एकदम ड्रॉप होतं. आणि फादरकाकांना सांगा, स्लो ड्राइव्ह करा म्हणून."

नदीकाठचं गाव

बसमधून उतरलो तर समोर एक टक्कल पडलेला, दाढीवाला म्हातारा. मी त्याच्या मागे इनासला शोधू लागलो. "अरे, मीच!" तो म्हणाला, तेही आमच्या गावच्या बोलीत. ती बोली त्या थंडगार बसस्टँडवर ऐकून माझे डोळेच भरले. आम्ही मिठी मारली तेव्हा लक्षात आलं, तो डावा पाय ओढत चालतो. "लढाईत?" मी विचारलं. "छे रे. बर्फावर घसरलो. दूध आणायला गेलो होतो."

तो राहतो ते गाव नदीच्या काठावर आहे. सैन्याची मोठी छावणी जवळच, त्यामुळे दुकानात, बँकेत, सगळीकडे केस बारीक कापलेले लोक. तो आता निवृत्त आहे, पण वाटेत जो तो "हे, पाद्रे!" म्हणून हात करत होता. त्याच्या घरात एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि एक मोठा टीव्ही. टीव्ही फुटबॉलसाठी. "इथे फुटबॉल म्हटलं की हातात चेंडू घेऊन धावणारे लोक दाखवतात," तो कुरकुरला. "आपल्या खेळाला सॉकर म्हणायचं. मी म्हणत नाही. इतकी वर्षं झाली, अजून म्हणत नाही."

त्याने भात आणि कोळंबी केली होती. कोळंबी बर्फातली होती, पण मसाला वसईचा. मोनिकाबायची सुकेळी मी समोर ठेवली. त्याने एक पुडकं सोडलं, एक केळं तोंडात घातलं आणि बराच वेळ चावत राहिला. मी संधी साधून विचारलं, "बाय विचारते, का येत नाहीस? तिचं काही चुकलं का?"

"तिचं?" त्याने मान हलवली. "तिचं काय चुकणार. उद्या सांगतो."

जेवणाआधी त्याने इंग्रजीत प्रार्थना केली. आम्ही दोघंच होतो, दोघंही वसईचे, तरी इंग्रजीत. मला ते खटकलं.

रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ऑक्टोबरातली तिकडची झाडं कशी दिसतात हे मी सांगायला गेलो की वसईतले लोक मान डोलावतात आणि त्यांना वाटतं, आपल्या पळसासारखी असतील. तशी नाहीत. पळस एकटा लाल होतो. इथे डोंगरचे डोंगर लाल, नारिंगी, पिवळे, आणि मधूनच काळसर हिरव्या सूचीपर्णी झाडांचा पट्टा. वारा आला की पानं रस्त्यावरून चिमण्यांच्या थव्यासारखी पळतात. मधे मधे पाट्या होत्या, त्यांवर रेड्याएवढ्या सांबराचं चित्र. "मूस. गाडीसमोर आला तर गाडी त्याची आणि आपण देवाचे," इनास म्हणाला.

वाटेत एका टपरीवजा गाडीपाशी थांबलो. जाड बटाट्याचे काप, त्यांवर चीजचे गोळे आणि वर गरम तपकिरी रस्सा. पुतीन म्हणतात. दिसायला कसंतरीच, पण थंडीत खाल्लं की पोटात शेकोटी पेटते. आणि इथेच घोटाळा झाला. इनासने गाडी चालू ठेवून, किल्ली आत ठेवून दार लावून घेतलं. गाडी आत घुर्रघुर्र करतेय, हीटर चालू आहे, आमची जॅकेटं मागच्या सीटवर, आणि आम्ही बाहेर पुतीन खात कुडकुडतोय. टपरीवाल्या बाईने कुणाला तरी फोन केला. "माझा मेहुणा येईल. पण तो जेवून येईल," ती म्हणाली आणि आम्हाला दोन जुन्या घोंगड्या दिल्या.

तिथे लाकडी बाकावर, घोंगडी पांघरून, इनासने मला सांगितलं.

कंदाहारच्या छावणीत त्याने एक टीम जमवली होती. मैदान म्हणजे खडी. पडलं की गुडघा सोलून निघायचा. गोलपोस्ट पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांचे. रायन नावाचा एक तरुण शिपाई होता, आयुष्यभर बर्फावरची हॉकी खेळलेला, त्याला इनासने गोलकीपिंग शिकवलं. "फार वाईट खेळायचा," इनास म्हणाला, "पण हसायचा फार. गोल खाल्ला की हसायचा. मी चिडायचो. मी म्हणायचो, अरे, गोलकीपरने हसायचं नसतं."

"आणि बाकी वेळ?"

"बाकी वेळ ऐकायचं. पोरं रात्रीची ड्यूटी संपवून यायची, बोलायची. आणि कधी कुणाची शवपेटी विमानात चढवायची असली की पेटीबरोबर चालायचं. सगळी छावणी रांगेत उभी असते. विमानाचं मागचं दार उघडं असतं. तिथपर्यंत चालायचं."

त्याची मुदत संपली, तो परत आला. रायन पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा गेला. आणि त्या हिवाळ्यात एका दुपारी इनासला बोलावणं आलं. इकडची रीत अशी की शिपाई गेल्याची बातमी फोनवर देत नाहीत. एक अधिकारी आणि एक पाद्री घरी जातात, दारावर थाप मारतात. रायनच्या आईला, डायनला, सांगायला इनासला पाठवलं, कारण तो रायनला ओळखत होता.

"अधिकाऱ्याने सांगायचं ते सांगितलं," इनास म्हणाला. "ती त्याच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. म्हणाली, तू ओळखत होतास ना त्याला? मग तू सांग. आणि व्हिक्टर, मला इंग्रजी येईना. एक शब्द येईना. तोंड उघडलं आणि आपली मराठी प्रार्थना आली. नमो मारिये. तीही अर्धीच. ती ओरडली, याला माझ्या पायरीवरून हलवा. तिला वाटलं, मी काहीतरी पुटपुटून मोकळा होतोय."

टपरीवाली बाई आतून रेडिओचा आवाज कमी करताना दिसली.

"फादरचं काम काय? लोकांवर अशी वेळ येते तेव्हा बोलायचं. आणि नेमकं तेव्हाच मी..." त्याने घोंगडी घट्ट ओढली. "त्यानंतर मराठीत प्रार्थना तोंडातून निघत नाही. सुरुवात केली की ती बाई दिसते. वसईला आलो तर बाय म्हणणार, चर्चमध्ये रविवारची मिस्सा कर. सगळं गाव पुढे बसणार. मी काय करू? इंग्रजीत करू? तिला काय सांगू?"

"आणि आज आपण कुठे चाललोय?"

"तिच्याकडेच. तिने फोन केला. घर विकतेय, मुलीकडे राहायला जातेय. म्हणाली, थँक्सगिव्हिंगला जेवायला ये. मी टाळाटाळ केली तर म्हणाली, भीती वाटत असेल तर कुणाला तरी बरोबर आण."

तेवढ्यात मेहुणा आला. एक लांब तार आत सरकवून त्याने दार उघडलं, आणि आम्हाला "हॅपी थँक्सगिव्हिंग" म्हणून गेला.

डायनचं घर

एकेकाळी तिथे लाकडाची गिरणी होती. आता गिरणी बंद, गाव उरलंय. डायनचं घर पांढरं, लाकडी, पुढे तीन पायऱ्या आणि छोटा व्हरांडा. इनास गाडीतून उतरला आणि पायरीपाशी थांबला. मी त्याला पेनल्टीच्या वेळी बघितलंय, तेव्हा असा कधी दिसला नव्हता.

दार तिनेच उघडलं. सत्तरीची, उंच, हातांना पीठ लागलेलं. ती इनासकडे बघत राहिली. "म्हातारा झालास," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि हा बरोबर आणलेला का?"

"मी व्हिक्टर. गावाकडचा."

"मग आत या. टर्की कोरडी होईल."

आत अर्धं घर खोक्यांत भरलेलं होतं. भिंतींवर तसबिरी काढल्याच्या फिकट खुणा. एकच फोटो अजून जागेवर होता: लष्करी गणवेशातला एक तरुण, आणि खरंच, हसणारा. टर्की, मॅश केलेला बटाटा, लाल क्रॅनबेरीचा मुरंबा, आणि पाय नावाचा भोपळ्याचा गोड पदार्थ. आपल्याकडे सणाला एवढ्या पदार्थांभोवती वीस माणसं असतात. इथे आम्ही तिघं. तिने आग्रह करकरून वाढलं. आग्रह मात्र अगदी आपल्याकडचा. मी सुकेळीचं एक पुडकं आणलं होतं. ते तिने चाखलं आणि म्हणाली, "खजूर आणि तंबाखूचं लग्न लागल्यासारखं लागतंय." मग दुसरं घेतलं.

गोड वाढून झाल्यावर ती खुर्ची ओढून इनासच्या समोर बसली.

"मी तुला एक विचारायला बोलावलंय," ती म्हणाली. "त्या दिवशी तू काय बोललास?"

इनासने काटा खाली ठेवला.

"अधिकारी जे बोलला त्यातलं मला काही आठवत नाही," ती म्हणाली. "एक शब्द नाही. तू बोललास ते आठवतं. अर्थ नाही, आवाज. मी भांडी घासताना तो आवाज कानात येतो. आधी संताप यायचा. मग नुसताच यायचा. आता घर सोडून चाललेय, आणि मला वाटलं, ते काय होतं हे न कळताच जायचं का मी?"

"प्रार्थना होती," इनास म्हणाला. "हेल मेरी. माझ्या भाषेत. मला दुसरं काही आठवेना. मला माफ कर."

डायनने समोरची ताटली बाजूला सारली. मग म्हणाली, "माझी आई फ्रेंच होती. ती रोज संध्याकाळी चुलीपाशी हीच प्रार्थना म्हणायची. ज व्हू सालू, मारी." तिने हात पुसले. "पुन्हा म्हण. तसंच म्हण, जसं तेव्हा म्हणालास."

इनासने मान हलवली, नाही म्हणून. मग डोळे मिटले. मी त्याचे टेबलावरचे हात बघत होतो. बोटं वाकडी झालेली, जुन्या गोलकीपरची असतात तशी. त्याने सुरुवात केली. नमो मारिये, कृपापूर्णे... हळू, अडखळत, पण शब्द येत होते. अर्ध्यावर आला आणि थांबला.

आमच्याकडे रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणतात तेव्हा एक जण पहिला अर्धा भाग म्हणतो आणि बाकीचं घर दुसरा अर्धा म्हणतं. लहानपणापासून रोज संध्याकाळी म्हणत आलोय. त्यामुळे मी काही ठरवलं नाही, विचारही केला नाही. तो थांबला आणि माझ्या तोंडून पुढचं आपोआप आलं. पवित्र मारिये, देवाच्या माते... शेवटी "आमेन" तिघांनी म्हटलं. तेवढं सगळीकडे सारखंच असतं.

इनासने माझ्याकडे बघितलं. "पुढचा भाग म्हणायला त्या दिवशी कुणी नव्हतं," तो मराठीत म्हणाला.

"काय म्हणाला?" डायनने विचारलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने टेबलावरून हात पुढे केला आणि इनासच्या हातावर ठेवला. तो रडत होता. ती रडत नव्हती. "आता त्याच्याबद्दल सांग," ती म्हणाली. "मला कुणी त्याच्याबद्दल मजेचं सांगतच नाही. सगळे आवाज खाली करून बोलतात."

मग इनासने तिला खडीचं मैदान सांगितलं, खोक्यांचे गोलपोस्ट सांगितले, आणि गोल खाऊन हसणारा रायन सांगितला. एकदा तर रायनने चेंडू अडवून, आनंदाच्या भरात, तो स्वतःच्याच गोलात फेकला होता. डायन एवढी हसली की तिला ठसका लागला. अंधार पडायच्या आत निघायचं ठरवलं होतं. तिने ऐकलं नाही. खोक्यांच्या मधून वाट काढून तिने आमच्यासाठी दोन गाद्या घातल्या.

परत

सकाळी ती पायरीवर उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होती. पहिला बर्फ पडून गेला होता. लाल पानांवर पांढरी भुकटी. बराच रस्ता इनास वळणांकडे बघत गाडी चालवत राहिला. मग एकदम म्हणाला, "फेब्रुवारीत आपल्याकडे अजून थंडी असते का रे?"

"सकाळी असते थोडी," मी म्हणालो.

"बायला आजच सांगू नको. मी सांगतो."

फेब्रुवारीत तो आला. मोनिकाबायने आठवडाभर आधी घर रंगवून घेतलं होतं. आल्या रात्रीच त्याने तिला डायनचं सगळं सांगितलं. जिथे आम्ही खेळायचो ते शेत आता सात मजली इमारत झालंय आणि बावखल बुजवून तिथे पार्किंग केलंय. त्याला ते दाखवताना मलाच कसंतरी झालं. तो पार्किंगच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि कुठे पूर्वेकडचा गोलपोस्ट होता ते बोटाने दाखवत राहिला. रविवारी त्याने मराठीत मिस्सा केली. मोनिकाबाय पहिल्या बाकावर बसली होती. त्याने आवाज दिला की सबंध देऊळ, म्हणजे आमचं चर्च, भरून उत्तर येत होतं, आणि दर वेळी तो क्षणभर थांबायचा, नुसतं ऐकायला.

तो तीन आठवडे राहिला. मला वाटलं होतं, आता इथेच राहील. पण डायनचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, मुलगा गमावलेल्या आणखी दोन-तीन घरांतले लोक त्याची वाट बघत होते, आणि त्याला परत जायचं होतं. तो गेला त्या संध्याकाळी मी मोनिकाबायकडे गेलो. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "बाय, मी त्याला राहायला सांगायला हवं होतं."

"का?" तिने विचारलं. सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "मी तुला म्हटलं होतं त्याला घेऊन ये. आणलास ना? तिकडेही कुणाची तरी आई आहे. जाऊ दे त्याला."